तांबे जिवाणूंच्या जुन्या ओळखीचे आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत तांब्याच्या भांड्यांविषयी आलेला लेख वाचला. रात्रभर तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवण्याच्या जुन्या रीतीला प्रयोगाचा आधार आहे, हे लेखकाने सांगितले ते योग्यच झाले. परंतु तांबे हे जिवाणूंसाठी निव्वळ विष आहे आणि त्याविरुद्ध त्यांना कधीच प्रतिकार करता येत नाही, असे जे विधान त्या लेखात आहे, त्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. तीस वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून आता डाळिंबाच्या पट्ट्यात राहायला आल्यामुळे हे विधान तसेच सोडून देणे मला बरोबर वाटत नाही. कारण इथे तांबे पाण्याच्या घागरीपेक्षा फवारणीच्या टाकीत जास्त जाते.

अनेक जिवाणूंना तांबे अत्यल्प प्रमाणात का होईना, पण हवेच असते. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूच्या श्वसनसाखळीच्या टोकाला ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉन सोपवणारे जे विकर आहे, त्याच्या गाभ्यात तांब्याचा एक अणू बसलेला असतो. जमिनीतील काही जिवाणू नायट्रस ऑक्साइडचे साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर करतात, तेही तांबे धारण करणाऱ्या विकराच्या बळावरच. तांबे अपुरे पडले तर हे काम अर्धवट राहते आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा तो वायू हवेत निसटतो. मिथेनवर जगणाऱ्या मिथायलोसायनस या जिवाणूला तर तांब्याची इतकी गरज असते, की तो त्याची साठवण करतो. त्याच्या साठवण-प्रथिनाचा एक रेणू तांब्याचे १३ आयन धरून ठेवतो, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

मग तांबे मारते कसे? पेशीच्या आत ते बहुतांशी एकसंयुजी, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या, रूपात असते आणि या रूपाला गंधकाची ओढ फार असते. अनेक विकरांच्या केंद्रस्थानी लोह आणि गंधक यांचे छोटे समूह असतात. मोकळे तांबे तिथे शिरते, लोहाला उठवते आणि गंधक बळकावते. ल्युसिनसारखी अमिनो आम्ले बनवणारी विकरे त्यामुळे बंद पडतात, हे २००९ साली ई. कोलायवरील प्रयोगांनी दाखवून दिले. म्हणजे तांबे हवे, पण मोकळे नको, असा हा पेच आहे आणि तांबे धरणारी प्रथिने तो सोडवतात.

ई. कोलायमधील व्यवस्था मी दरवर्षी वर्गात शिकवली आणि तिचे नवल अजून ओसरलेले नाही. क्यूआर नावाचे एक नियामक प्रथिन डीएनएवर बसून तांब्याची चाहूल घेत असते. सिस्टीन या अमिनो आम्लाच्या दोन गंधक अणूंमध्ये ते तांब्याचा एकच आयन पकडते. २००३ मध्ये मोजलेल्या त्याच्या संवेदनक्षमतेचा हिशेब केला, तर पेशीत तांब्याचा एक अणूही मोकळा असू नये, असाच त्याचा अर्थ निघतो. तांबे सापडताच हे प्रथिन दोन जनुके चालू करते. त्यांपैकी पहिल्यापासून पेशीभोवतीच्या दोन पटलांपैकी आतल्या पटलातील कॉपए हा पंप तयार होतो आणि तो एटीपी या पेशीच्या इंधन-रेणूची ऊर्जा खर्चून तांबे पेशीद्रवाबाहेर, दोन पटलांमधल्या अरुंद पोकळीत टाकतो. दुसऱ्या जनुकापासून त्या पोकळीत काम करणारे क्यूओ हे विकर मिळते. ते एकसंयुजी तांब्याचे द्विसंयुजी तांबे करते, म्हणजे ते पुन्हा सहजासहजी आत शिरू नये. मात्र या विकराला ऑक्सिजन लागतो आणि आतड्यात तर त्याची टंचाई. म्हणून दुसरी एक व्यवस्था हाताशी असते. तिच्यात तीन प्रथिने मिळून पोकळीतून थेट पेशीबाहेर जाणारी नळी तयार करतात आणि कसएफ हे चौथे छोटे प्रथिन मोकळे तांबे उचलून त्या नळीच्या स्वाधीन करते. थोडे विषयांतर होते, पण राहवत नाही: कॉपएच्याच जनुकापासून तांबे वाहून नेणारे आणखी एक छोटे प्रथिनही बनते, कारण त्या जनुकाचा संदेश वाचताना प्रथिने जुळवणारे काही रायबोसोम मध्येच एक अक्षर मागे सरकतात आणि तिथून थोड्याच अंतरावर थांबतात. हे २०१७ मध्ये उघडकीस आले, म्हणजे माझ्या जुन्या टिपणांत ते नाही.

इतकी यंत्रणा उगाच टिकून राहत नाही. आपल्या शरीरातील भक्षक पेशी गिळलेल्या जिवाणूंवर तांबे सोडतात आणि क्षयाच्या जिवाणूला त्याला तोंड द्यावे लागते. त्याच्याकडे तांब्याची जाणीव होताच जनुकांवरील पकड सोडणारे सीएसओआर हे नियामक प्रथिन आहे (२००७) आणि तांब्याचे सहा आयनांपर्यंत ओझे पेलणारे मायएमटी हे प्रथिनही आहे (२००८). तांब्याचा निचरा करणारे आणखी एक प्रथिन काढून टाकलेले क्षयाचे जिवाणू गिनीपिगच्या शरीरात नीट वाढू शकत नाहीत, असे २०११ मध्ये दिसून आले. तांब्याशी जिवाणूंची झुंज माणसाने घागर घडवण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

आता बागेकडे येतो. मोरचूद (तांब्याचे सल्फेट) आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये मिलार्डे यांनी द्राक्षावरील केवडा या रोगासाठी पुढे आणले. आपल्याकडे द्राक्षावर ते चालतेच, शिवाय डाळिंबाच्या तेल्या रोगासाठीही तांब्याच्या फवारण्या होतात आणि तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे. टोमॅटोवर ठिपके पाडणाऱ्या स्युडोमोनास सिरिंजी या जिवाणूचे तांब्याला दाद न देणारे वाण अमेरिकेत सापडले, तेव्हा त्यांच्या वसाहती तांबेयुक्त माध्यमावर चक्क निळ्या पडत होत्या. कारण त्यांची प्रथिने तांबे पेशीद्रवात जाऊ न देता बाहेरच्या पटलावर आणि पोकळीतच अडकवून ठेवत होती. त्यांपैकी एका प्रथिनाचा एक रेणू तांब्याचे सुमारे ११ आयन धरतो, असे १९९१ च्या शोधनिबंधात नोंदवले आहे. या प्रथिनांची जनुके प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या कड्यावर होती. तेल्याचा जिवाणू ज्या झँथोमोनास कुळातला आहे, त्या कुळातही तांबे पचवणारे वाण मिरचीवर आणि टोमॅटोवर आढळले आहेत. याला ‘सवय होणे’ म्हणू नये, असे मी विद्यार्थ्यांना बजावत असे. एकट्या जिवाणूला काहीही सवय होत नाही. ज्यांच्याजवळ ती जनुके असतात ते वाचतात आणि फवारणीमागून फवारणी झाली की शेवटी तेच उरतात.

दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. स्युडोमोनासच्या काही वाणांत तांब्याची आणि स्ट्रेप्टोमायसीन या प्रतिजैविकाची प्रतिकारशक्ती एकाच प्लाझ्मिडवर आढळली आहे. डेन्मार्कमध्ये डुकरांच्या खाद्यात वाढीसाठी तांबे मिसळत. तिथल्या एंटरोकॉकस जिवाणूंमध्ये तांब्याच्या प्रतिकाराचे जनुक व्हँकोमायसीन आणि एरिथ्रोमायसीन या प्रतिजैविकांच्या प्रतिकाराशी जोडलेले असल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे प्रतिजैविकाचा थेंबही न देता, केवळ तांब्यामुळे, प्रतिजैविकाला न जुमानणारे जिवाणू निवडले जाऊ शकतात. आपल्याकडे तर तांब्याचे औषध आणि स्ट्रेप्टोमायसीनयुक्त औषध सर्रास एकाच टाकीत कालवले जात आले आहे. वेळापत्रक पाळणाऱ्या बागायतदाराला मी दोष देत नाही. समोर फळ तडकत असताना त्याने काय करावे?

घागरीविषयी एवढेच, की त्या लेखात ज्या प्रयोगाचा हवाला आहे, तो बहुधा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला असावा. त्यात पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवल्यावर कॉलरा, हगवण, विषमज्वर यांचे जिवाणू माध्यमावर वाढवून पाहूनही सापडले नाहीत आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरमागे २ मिलिग्रॅम या मर्यादेच्या फारच खाली होते. लेखात हे १६ तास गाळले गेले आहेत. संध्याकाळी भरलेले पाणी सकाळी पिणाऱ्याच्या हिशेबात दहा-बारा तासच होतात. ताक किंवा लिंबाचे सरबत तांब्यात ठेवले तर ते कळकते, हे ज्यांच्या घरी कल्हईवाला येत असे त्यांना सांगायला नको; पण तांब्याच्या बाटल्या भेट म्हणून मिळणाऱ्या पिढीला तेही छापून सांगायला हवे.

तेव्हा विनंती अशी, की पुढील रविवारी प्रतिकारासंबंधीच्या त्या विधानाची दुरुस्ती छापावी आणि कृषिपानावर तेल्यासाठी फवारणीचे वेळापत्रक देताना तांबे आणि प्रतिजैविक एकत्र मारण्याविषयी वनस्पतिरोगतज्ज्ञांचे मत त्याच चौकटीत द्यावे. डाळिंबाच्या हस्त बहराचे वेळापत्रक लवकरच छापून येईल, त्याआधी हे झाले तर बरे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक,
सांगोला, जि. सोलापूर