शिवाराचा नकाशा फुकट मिळू द्या, तोही कामाचा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तापी मेगा रिचार्जचा, म्हणजे तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या योजनेचा, मध्य प्रदेशासोबत करार झाला मे २०२५ मध्ये, तेव्हापासून त्याच्यावर भरपूर छापून आलं पण नकाशाबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहितोय. यावल-रावेरकडे बोअर किती खाली गेले ते केळीवाल्याला वेगळं सांगायला नको. सातपुड्याच्या पायथ्याच्या गाळ-गोट्याच्या पट्ट्यात पाणी चांगलं मुरतं हेही सगळे सांगतात. पण आमच्या शिवारात चर कुठून काढायचा, नाला कुठे अडवायचा हे ठरवायला उताराचा नकाशा लागतो ना भाऊ, तो कुठून आणायचा?

सर्व्हे ऑफ इंडिया, म्हणजे केंद्र सरकारचं नकाशा खातं, १७६७ पासून नकाशे काढतंय. त्यांच्या टोपोशीट (जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारे नकाशे) आधी मिळायच्या म्हणजे अर्ज करा, कशाला पाहिजे ते सांगा, साहेब जागेवर नाही उद्या या. २०१७ ला ५० हजारी स्केलचे (नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर) नकाशे नेटवर फुकट टाकले, आधार नंबर देऊन पीडीएफ उतरवायची, चांगलंच केलं. (गंमत म्हणजे जुन्या शीट नंबरात यावल ४६ मध्ये आणि शेजारचं रावेर ५५ मध्ये, म्हणजे दोन शीटा जोडत बसा.) पण त्याच्यावर कंटूरची (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी) रेघ दर २० मीटर उंचीला एक, आमच्या सपाट काळ्या रानात अशी रेघ एखादी आली तर आली, तिच्यावर बांध काय घालणार? आणि पीडीएफ म्हणजे फोटोच, त्यातून गावाचा उतार मोजता येत नाही. महाभूनकाशा या सरकारी जमीन-नकाशाच्या साइटवर पण गट नंबर टाकला की तेवढा तुकडा दिसतो, अख्ख्या शिवाराची कॉम्प्युटरवर चालेल अशी फाइल पाहिजे तर फिरा.

बाहेर काय चाललंय बघा. अमेरिकेत केंद्र सरकारने बनवलेल्या नकाशावर कॉपीराइटच नसतो, लोकांच्या पैशाने काढला तर लोकांचा. तरी लँडसॅट उपग्रहाचे फोटो ते विकायचेच, एकेक सीन (एका भागाचा एक फोटो) ६०० डॉलरला, आणि सगळ्यात चांगल्या वर्षी म्हणजे २००१ ला खपले किती तर २५ हजाराच्या आसपास. २००८ ला फुकट केले आणि पुढच्या एका वर्षात १० लाखाच्या वर उतरवले गेले. म्हणजे गरज आधीपासूनच होती, अडत होतं ते दरापाशी. ब्रिटनमध्ये तर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचे नकाशे इतके महाग की २००४ ला लोकांनी जीपीएस घेऊन स्वतःच रस्ते काढायला सुरू केले, ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून काढलेला फुकट नकाशा तिथूनच निघाला. मग २०१० ला सरकारने बराच डेटा मोकळा केला, आणि २०१५ ला इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने पुरासाठी विमानातून लेझरने मोजलेली जमिनीची उंची पण फुकट दिली, काही ठिकाणी तर दर मीटरला एक आकडा! फिनलंड २०१२, डेन्मार्क २०१३, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड २०२१, सगळ्यांनी सरकारी नकाशे खुले केले.

आपल्याकडे लगेच सुरक्षेचं कारण निघतं. भुसावळ-वरणगावला आयुध निर्माणी आहे, मान्य, तेवढं झाका. पण जे जगात सगळीकडे सहज मिळतं त्यावर इथे बंधन नको असं नकाशांबद्दलच्या २०२१ च्या नियमांच्या वेळी सरकारच बोललं होतं. आता डिसेंबर २०२२ च्या जिओस्पेशियल (नकाशे आणि जमिनीच्या माहितीच्या) धोरणात लिहिलंय की २०३० पर्यंत सगळ्या देशाचं उंचीचं मॉडेल, म्हणजे जागोजागच्या उंचीची कॉम्प्युटर फाइल, होणार, सपाट भागात २५ सेंटिमीटरपर्यंत अचूक आणि डोंगराळ भागात १ ते ३ मीटरपर्यंत. हे झालं तर खान्देशातल्या प्रत्येक नाल्याचं काम गावातच बसून आखता येईल, जलसंधारणाचा ठेकेदार दाखवेल तिथेच खड्डा असं होणार नाही (काहींना तेच नको असेल, असो).

पण तो डेटा शेतकऱ्याला फुकट मिळणार की मोठ्या कंपन्यांनाच परवडेल अशा दरात, हे जिल्ह्यातल्या खासदारांनी दिल्लीत आत्ताच विचारून घ्यावं. ग्रामपंचायतीला तिच्या शिवाराची फाइल थेट मिळावी, त्याला ना अर्ज ना फी, आणि मोजणी सुरू होईल तेव्हा चोपडा-यावल-रावेरचा पायथा पहिल्या यादीत घ्यावा, कारण रिचार्जचं काम इथेच व्हायचंय. आपल्या पेपरने हे लावून धरलं तर फार बरं होईल.

आपला,
एक केळी उत्पादक, ता. यावल, जि. जळगाव