टेक्सासचं उदाहरण देताय, पण अर्धंच

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. रविवारच्या पुरवणीतला रानडुकरांच्या उपद्रवावरचा लेख ऑनलाइन वाचला. शेतकऱ्याचे हाल अगदी बरोबर मांडलेत, पण शेवटी "टेक्साससारखी हेलिकॉप्टरमधून शिकार सुरू करा" असा जो सल्ला दिलाय तो वाचून राहवलं नाही. मी टेक्सासमध्येच राहतो. इथे २०११ पासून पैसे भरून हेलिकॉप्टरमधून डुकरं मारता येतात, २०१७ पासून तर हॉट एअर बलूनमधून पण परवानगी आहे (खरंच, चेष्टा नाही), आणि डुकरं अजून आहेतच, लाखांनी आहेत. रात्रीत येऊन मक्याचं रान नांगरल्यासारखं करून जातात.

मुळात डुक्कर हे इथलं जनावरच नाही. १५३९ मध्ये दे सोटो नावाचा स्पॅनिश सरदार फ्लोरिडात उतरला तो डुकरं घेऊनच, मग गावोगावी मोकाट सोडलेली पाळीव डुकरं रानटी झाली, आणि १९१२ मध्ये एका हौशी माणसाने शिकारीसाठी म्हणून युरोपातून रानडुकरं आणून नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात कुंपण घालून ठेवली, ती यथावकाश पळाली. आता सगळी सरमिसळ झालीय. जात मात्र आपल्या रानडुकराचीच.

मादी सहा-आठ महिन्यांतच माजावर येते, साधारण ११५ दिवसांत विते, एका वेताला चार-सहा पिल्लं, खायला भरपूर असेल तर वर्षात दुसरं वेत पण होतं. त्यामुळे संख्या नुसती आहे तेवढी ठेवायची तरी दरवर्षी ७० टक्क्यांच्या आसपास डुकरं काढावी लागतात असं इथले तज्ज्ञ सांगतात. हौशी शिकारी दोन मारतो, फोटो काढतो आणि घरी जातो, आणि उरलेला कळप बिथरून शेजारच्या चार शेतांत पांगतो.

पण खरी गंमत टेनेसीत झाली. तिथे १९९९ मध्ये राज्यभर शिकार खुली केली, किती मारायची याला मर्यादाच नाही. आधी ९५ पैकी १५ काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) डुकरं होती, ती जवळपास ८० काउंट्यांत पोचली! कारण काय, तर लोकांनीच ट्रेलरमध्ये भरून नवनव्या जागी नेऊन सोडली, शिकारीला घराजवळ मिळावीत म्हणून. ज्या जनावरावर कुणाचा धंदा आणि हौस चालते ते संपावं असं त्या माणसाला कशाला वाटेल? शेवटी २०११ मध्ये तिथल्या वन्यजीव खात्याला धोरण उलटं फिरवावं लागलं.

उपयोग होतो तो मोठ्या पिंजऱ्याचा. आंबवलेला मका टाकून कळपाला रोज यायची सवय लावायची, मोबाइलवर कॅमेरा बघत बसायचं आणि शेवटचं पिल्लू आत आलं की मगच दार पाडायचं. घाई केली तर बाहेर राहिलेली हुशार होतात, पुन्हा पिंजऱ्याजवळ फिरकत नाहीत. काम कंटाळवाणं आहे, व्हिडिओ काही व्हायरल होत नाही.

आपल्याकडची रानडुकरं मूळचीच, प्रश्न वेगळा आहे हे मान्य. शेतकऱ्याला भरपाई वेळेवर द्या, वनखात्याच्या माणसांकडून बंदोबस्त करा, पण शिकारीची तिकिटं विकू नका एवढंच म्हणणं आहे. मिसूरी राज्याने तर २०१६ मध्ये आपल्या संवर्धन खात्याच्या जमिनींवर या डुकरांची शिकारच बंद केली, आणि आता तिथे डुक्कर दिसलं तर गोळी घालू नका, आम्हाला कळवा, असं खातं स्वतः सांगतं.

आपला,
टेक्सासमधला एक वाचक