डोळ्यातला टीबी: मिहिरला पत्र

चि. मिहिर,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडला होतास आणि मी गप्प राहिले. तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं. तुझे दोन प्रश्न रात्रभर डोक्यात घोळत होते. एक तू मोठ्याने विचारलास: "डॉक्टरांनाच शंभर टक्के खात्री नाही, तर मी नऊ महिने गोळ्या का खाऊ?" दुसरा फोन ठेवता ठेवता, हळूच: "आई, हे तुझ्याकडून आलं का गं?" फोनवर हे मला नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहिते.

आधी दुसऱ्याचं उत्तर. मलाही डोळ्याचाच टीबी झाला होता, पण तो डोळ्यातून दुसऱ्याला होत नाही. टीबी पसरतो हवेतून, तोही फुफ्फुसाचा किंवा घशाचा टीबी असलेला माणूस खोकतो, बोलतो तेव्हा. माझ्या आजारात छातीचा फोटो स्वच्छ होता आणि बेडका दोनदा तपासला, दोन्ही वेळा निगेटिव्ह. मी टीबी वॉर्डात काम करायची, तिथून कपड्यांवरून जंतू घरी आणले असतील, असं तुझ्या मनात येऊ शकतं. माझ्याही मनात आलं होतं. पण टीबी कपड्यांनी, भांड्यांनी, शिवाशिवीने होत नाही. जगातल्या साधारण चौघांतल्या एकाच्या अंगात हे जंतू शिरलेले आहेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यातल्या दहांपैकी नऊ जणांना जन्मभर काही होत नाही. तुझ्यात ते कधी आणि कुणाकडून आले हे कुणीच सांगू शकणार नाही. तू स्वतः आता कुणाला हा आजार देशील, ही भीतीही काढून टाक. तुझी फुफ्फुसं स्वच्छ आहेत, वेगळं राहायची काही गरज नाही.

आता पहिला प्रश्न. त्यात तुझी चूक नाही. छातीचे डॉक्टर म्हणाले, "एक्स-रे साफ आहे, खोकला नाही, ताप नाही, वजन उतरलं नाही, मला टीबी दिसत नाही." डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "मला डोळ्याच्या पडद्यामागे दिसतोय." दोघंही खरं बोलताहेत. डोळ्याचा टीबी झालेल्या कितीतरी लोकांच्या छातीत काहीच सापडत नाही. जंतू रक्तातून फिरत जातात आणि पडद्याच्या मागे कोरॉइड नावाचा जो रक्तवाहिन्यांचा थर असतो, त्यात अडकतात. वजनाच्या मानाने शरीरात सगळ्यात जास्त रक्त जिथून वाहतं अशा जागांपैकी ती एक आहे.

इतर अवयवांत शंका आली की तुकडा काढून तपासता येतो. गाठ असेल तर सुई घालतात, फुफ्फुस असेल तर बेडका पाहतात. डोळ्याच्या आतला तुकडा काढायचा म्हणजे नजरच पणाला लावायची. डोळ्याच्या आतलं पाणी सुईने काढून पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधायची तपासणी, करता येते, पण ते पाणी निघतं जेमतेम एखादा थेंब, आणि त्या थेंबात जंतू असायला हवेत ना! डोळ्यात जंतू फार थोडे असतात. पुष्कळदा नुकसान करतो तो त्यांच्यावर चवताळलेला आपल्याच शरीराचा दाह. म्हणून ती तपासणी पॉझिटिव्ह आली तर मोठा पुरावा, निगेटिव्ह आली तर काहीच सिद्ध होत नाही. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये हा जंतू जगासमोर ठेवला. इतकी वर्षं झाली, तरी डोळ्यातला टीबी बहुतेक वेळा जंतू हाती न लागताच ओळखावा लागतो.

मग डॉक्टर कशावर विसंबतात? तुझ्या डाव्या डोळ्याचे फोटो तू पाठवलेस, ते मी स्क्रीनवर मोठे करून कितीतरी वेळ पाहिले. पिवळट चट्टे आहेत, एकाला लागून दुसरा, मध्ये सुकत आलेले आणि कडेने पुढे सरकणारे. सापासारखे वळणं घेत जातात म्हणून त्याला सर्पिजिनस-लाइक कोरॉइडायटिस म्हणतात. डॉक्टर मधल्या डागाकडे कमी आणि कडेकडे जास्त बघतात. आजार जिवंत असतो तो कडेला. काही जणांत आजार रक्तवाहिन्यांवर बसतो, त्या बंद पडतात, नव्या नाजूक वाहिन्या फुटतात आणि डोळ्यात रक्तस्राव होतो. हेन्री इल्स नावाच्या डॉक्टरांनी १८८० मध्ये तरुण मुलांमधला असा वारंवार होणारा रक्तस्राव नोंदवला आणि त्याचा संबंध बद्धकोष्ठाशी लावला. शहाण्या माणसांनाही डोळा असा चकवतो. त्या आजाराची टीबीशी असलेली गाठ पुढे अनेकांनी दाखवली.

दुसरा आधार तुझ्या हातावरची मॅन्टू, म्हणजे टीबीसाठीची कातडीची तपासणी. ही तपासणी मी आयुष्यभर केली, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहू दे. हाताच्या आतल्या बाजूला कातडीतच बारीक सुईने औषध सोडायचं, फोडासारखा पांढुरका उंचवटा आला पाहिजे. मग ४८ ते ७२ तासांनी वाचायची. नवशिक्या मुली लाली मोजायच्या. मी त्यांना सांगायची, लाली विसरा, घट्टपणा शोधा. डोळे मिटून बोट फिरवा. मग बॉलपेन घ्या, बाहेरून आत हलक्या हाताने रेघ ओढत या. जिथे पेन अडखळेल तिथे थांबा. समोरच्या बाजूनेही तसंच करा. त्या दोन रेघांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. तुझं १८ आलं. तू म्हणालास, "लहानपणी बीसीजी टोचलंय, त्याने आलं असेल." शंका रास्त आहे, बीसीजीने मॅन्टू थोडी वर येऊ शकते. म्हणूनच तुझी रक्ताची इग्रा केली. त्या तपासणीत बीसीजीच्या जंतूंत नसलेली प्रथिनं वापरतात. तीही पॉझिटिव्ह आली. एवढं मात्र खरं, की या दोन्ही तपासण्या जंतू अंगात शिरून गेलाय एवढंच सांगतात. तो झोपलाय की जागा आहे, हे त्यांना कळत नाही.

म्हणून डॉक्टरांनी बाकीचे संशयित एकेक करून वगळले. सिफिलिसची तपासणी सांगितली तेव्हा तू माझ्याशी बोलायलाही लाजत होतास. अरे, डोळ्यात सूज असली की ती करावीच लागते, कारण सिफिलिस डोळ्यात कुठलंही सोंग घेतो. सार्कॉइड म्हणजे टीबीसारखाच दिसणारा, पण टीबी नसलेला आजार; त्यासाठी छातीचा सीटी स्कॅन केला, एचआयव्हीही पाहिला. सगळं निगेटिव्ह. डोळ्यातलं चित्र, मॅन्टू, इग्रा आणि दुसरं कारण न सापडणं, हे सगळं एकत्र धरून त्यांनी "टीबीची दाट शक्यता" असं लिहिलं. तुला तो शब्द कच्चा वाटला. पण या आजारात निदान बहुतेक वेळा एवढंच पक्कं होतं. निरनिराळ्या देशांतल्या डोळ्यांच्या तज्ज्ञांचा एक गट यावर एकत्र काम करतो. त्यांनी २०२१ मध्ये कोरॉइडच्या टीबीवर आपलं एकमत छापलं. तुझ्यासारखे सरकणारे चट्टे आणि सोबत अशी तपासणी पॉझिटिव्ह, तर औषध सुरू करावं, असाच त्यांचा कौल आहे.

आणि आता माझ्या उजव्या डोळ्याबद्दल. तुला एवढंच माहीत आहे की आईला टीबी झाला होता आणि त्या डोळ्याने कमी दिसतं. माझा डोळा दोन वर्षांत पाच वेळा लाल झाला. दर वेळी मला स्टिरॉइडचे थेंब मिळाले, पुढे स्टिरॉइडच्या गोळ्याही. आठवड्यात डोळा पांढरा स्वच्छ व्हायचा आणि मी ड्युटीवर जायची. टीबीच्या वॉर्डात रोज उभी राहणारी बाई, पण त्या डॉक्टरांनी विचारलं नाही मी कुठे काम करते, आणि मीही सांगितलं नाही. नुसत्या स्टिरॉइडने दाह निवतो आणि जंतूला मोकळं रान मिळतं. थांबवलं की आजार परत येतो, दर वेळी थोडा पुढे सरकून. पाचव्या खेपेला चट्टा पडद्याच्या मधोमध पोचला होता. नंतर टीबीची औषधं पूर्ण घेतली, आजार थांबला, पण मधली जागा गेली ती गेली. डावा डोळा झाकून तुझ्याकडे बघितलं तर तुझे कान दिसतात, कपाळावरचे केस दिसतात, शर्टाची कॉलर दिसते. चेहरा दिसत नाही.

तुझा चट्टा अजून मधोमध पोचलेला नाही. तू जी खात्री मागतोस ती मिळेपर्यंत थांबलास तर तो वाट बघणार नाही, एवढंच मला तुला सांगायचं आहे.

आता गोळ्यांबद्दल. पहिले दोन महिने चार औषधं: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, एथॅम्ब्युटॉल. नंतर संख्या कमी होते आणि बाकीची पुढचे महिने चालतात. डोळ्याच्या टीबीत सहा महिन्यांऐवजी नऊ महिने देणं ही सर्रास पद्धत आहे. बरोबर स्टिरॉइड आहेच, पण आता ते टीबीच्या औषधांच्या आडोशाने दिलंय. माझ्यात आणि तुझ्यात फरक हाच. रिफाम्पिसिनमुळे शरीर स्टिरॉइड लवकर संपवतं, म्हणून डोस कमीजास्त करायचं काम डॉक्टरांवरच सोड. बरं वाटतंय म्हणून स्टिरॉइड एका दिवसात बंद करायचं नाही, ते हळूहळूच उतरवतात. ते चालू आहे तोवर डोळ्याचं प्रेशर आणि साखर तपासत राहावी लागते.

लघवी केशरी होईल, घाबरू नकोस, ती रिफाम्पिसिनची खूण. अश्रूही रंगतात, म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स कपाटात ठेव, चष्मा लाव. हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून बी-६ ची गोळी दिली आहे, ती "व्हिटॅमिनच आहे" म्हणून टाळू नकोस. उलट्या होऊ लागल्या, जेवण नकोसं झालं, लघवी चहासारखी काळपट झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर ते यकृताचं लक्षण. तेव्हा पुढची गोळी घेऊ नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ.

एथॅम्ब्युटॉलची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. टीबीवरचंच औषध, पण क्वचित ते डोळ्याच्या नसेला इजा करतं. डोस वजनावर ठरवलेला आणि किडनी चांगली असेल तर धोका कमी, पण शून्य नाही. आधी रंग फिके पडतात, विशेषतः लाल. म्हणून दर महिन्याला रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायची तपासणी चुकवू नकोस. आणि घरी रोज सकाळी एक काम कर: एक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे बघ, मग दुसरा झाकून. गज सरळ आहेत का, मध्ये कुठे पुसलेत का, लाल टॉवेल दोन्ही डोळ्यांना सारखाच लाल दिसतो का. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याची चूक झाकतो. मला पाच खेपांत कळलं नाही ते त्यामुळेच.

अजून एक, आणि हे वाचून नीट लक्षात ठेव. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत डोळा आधीपेक्षा वाईट होऊ शकतो. चट्टे वाढतात, धुरकट दिसतं. जंतू मरताना त्यांचे अवशेष बाहेर पडतात आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. अशा वेळी माणूस म्हणतो, "बघा, टीबी नव्हताच, औषधच चुकलं," आणि कोर्स सोडतो. तू तसं करू नकोस. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. बहुतेक वेळा टीबीची औषधं तशीच ठेवून ते स्टिरॉइड वाढवतात. खरंच औषध लागू पडत नसेल, जंतू त्या औषधांना दाद देत नसतील किंवा निदानच दुसरं असेल, तर तेही तेच ठरवतील, फोटो समोर ठेवून.

मंगळवारी तुझी तपासणी आहे. मी सोमवारी रात्री पोचते. माझी जुनी फाइल आणतेय, त्यात माझ्या पडद्याचे फोटो, मॅन्टूचा कागद आणि वॉर्डात काम केल्याच्या तारखा आहेत. तू डॉक्टरांना माझ्या आजाराबद्दल अजून सांगितलं नाहीस ना? तेही त्यांना कामाचं आहे. डॉक्टर विचारोत न विचारोत, मंगळवारी मी सांगणार आहे.

तुझी,
आई