आपल्या उंबऱ्याचा आकडा किती? पावसाळ्याआधीच्या उपक्रमासाठी मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात आमच्या वाचनालयाने पुराच्या तयारीवर कार्यक्रम ठेवला होता. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पडद्यावर नकाशे आणि पाऊण तास भाषण. भाड्याच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या, आणि आलेल्या बायका नळाची वेळ झाली तशा उठून गेल्या. चूक वक्त्यांची नव्हे, आमची. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत मराठी नाटक उभं केलं, त्या गावात आम्हाला माइक आणि खुर्च्यांपलीकडे काही सुचू नये!

खुर्च्या रचताना मात्र दोन शेजाऱ्यांची जुंपली. एक आजी म्हणाल्या, "पाणी चवथ्या पायरीवर आलतं." समोरचे काका म्हणाले, "न्हाई वो, तिसरीच. मी सोता शेळी काढली तिथनं." बघता बघता वीसेक माणसं गोळा झाली. जी भाषणाला थांबली नाहीत, तीच भिंतीवरच्या खुणा दाखवत तासभर उभी राहिली.

यंदाचा उपक्रम त्या भांडणातून निघाला आहे.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे सांगलीत पोरासोरांनाही पाठ आहे. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, तेही कुणी विसरलेलं नाही. पण हा आकडा पुलाजवळच्या पट्टीवरचा. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरला पाणी लवकर शिरतं, बाकीच्या गावात नंतर. मग पट्टीवर किती फूट झाले की *माझ्या* उंबऱ्याला पाणी लागतं? हे घरोघर वेगळं, आणि बहुतेकांनी ते कधी काढलेलंच नाही.

ते काढायची आमची रीत साधी आहे. तारखा कुणाच्या लक्षात राहत नाहीत, सण राहतात. "पंचमीला उंबऱ्याला लागलं, बकरी ईदेलाही घरातच होतं," असं माणसं सांगतात. २०१९ ची नागपंचमी ५ ऑगस्टला होती, ईद १२ ला. त्या महिन्याच्या वर्तमानपत्रांची फाइल आमच्याकडे आहे (माळ्यावर होती म्हणून वाचली), आणि पुलाजवळची पाणीपातळी त्यात छापून आलेली आहे. आजी-आजोबांनी सण सांगायचा, मुलांनी फाइलीतून आकडा शोधायचा आणि घरमालकाची परवानगी घेऊन तो चौकटीवर रंगवायचा. २००५ आणि २०२१ चं पाणी आठवत असेल, तर त्याचाही पडताळा घ्यायचा. आकडा काही इंचांनी चुकेल, चालेल.

दुसरा खेळ लहान मुलांचा. जमिनीवर मोठा नकाशा अंथरायचा आणि मुलांनीच नद्या व्हायचं. कोयना कराडला कृष्णेला मिळते, वारणा आपल्या खाली हरिपूरला. वारणा झालेली पोरं संगमावर ठाण मांडून बसली की कृष्णेची रांग मागे कशी तुंबते, हे एकदा अंगावर घेतलं की 'फुगवटा' हा शब्द वेगळा समजवावा लागत नाही.

मोठ्यांसाठी दहा मिनिटांत पुराची पिशवी भरायची. औषधं, रेशनकार्ड आणि चष्मा यांतलं नेमकं काय विसरतं, ते तिथंच दिसेल.

आता मदतीचं. नकाशासाठी वाढदिवसाचे जुने फ्लेक्स हवेत, मागची पांढरी बाजू आम्हाला पुरे. सांगलीत त्यांचा तुटवडा नाही! ऑइलपेंट, ब्रश, निळं कापड आणि सुती दोरी हवी. पुराचे जुने फोटो द्या, प्रती काढून मूळ फोटो परत करू. एकूण खर्च २२ हजारांच्या आसपास जाईल. त्यातले ८ हजार सभासदांच्या वर्गणीतून जमले आहेत. ५० रुपयेही चालतील. साधी पावती मिळेल, कर-सवलतीची सोय आमच्याकडे नाही.

पैशांहून जास्त गरज माणसांची आहे. मे महिन्यातल्या चार रविवारी संध्याकाळी ५ ते ७ गल्लीतून फिरणारी दहा-बारा मंडळी हवीत. हौशी नाटकांत काम केलेलं कुणी आलं तर सोन्याहून पिवळं, गर्दीला बोलतं करणं त्यांना जमतं. ऐकू कमी येणाऱ्या आजोबांशेजारी शांतपणे बसून लिहून घेणारंही कुणी हवं. ते काम आमच्यातल्या एकालाही नीट जमत नाही.

प्रमुख पाहुणे नाहीत, हार-तुरे नाहीत, खुर्च्या फक्त ज्येष्ठांसाठी. वाचनालय रोज संध्याकाळी ६ ते ८ उघडं असतं. येताना आपल्या घरी पाणी कुठपर्यंत आलं होतं, ते घरच्यांना विचारून या.

आपले,
वाचनालयाचे कार्यकर्ते, गावभाग, सांगली