सुट्टीहून परतताना वादळ दारात असेल तर

संपादक महोदय,

मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी नेमकी अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांच्या हंगामात येते. 2009 चे फयान नोव्हेंबरमध्ये आले, 2021 चे तौक्ते ऐन मे महिन्यात कोकण किनाऱ्याजवळून गेले. निसर्ग तर 1 जून 2020 ला चक्रीवादळही झाले नव्हते आणि 3 जूनच्या दुपारी ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर चढले. कुलूपबंद घरी परतणाऱ्या कुटुंबाच्या हाती मग एखादाच दिवस उरतो. म्हणून कामांचा क्रम आधीपासून डोक्यात हवा.

पहिला निर्णय घाट उतरण्याआधीच घ्यायचा. हवामान खात्याचा पिवळा इशारा साधारण 48 तास आधी येतो, नारिंगी 24 तास आधी आणि लाल 12 तास आधी. लाल इशारा लागला असेल तर पुणे, सातारा, कोल्हापूर, जिथे असाल तिथेच थांबावे. ताम्हिणी किंवा वरंध घाटात झाड आडवे पडले की पुढेही जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही. वेळ हाती असेल तर पेट्रोल आणि रोख रक्कम घाटावरच घ्यावी. वीज गेली की खाली पंप आणि एटीएम दोन्ही बंद पडतात.

घरी पोचल्यावर बॅगा उघडायच्या आधी पाण्याचा पंप सुरू करा. छपरावरची हजार लिटरची प्लास्टिकची टाकी भरली की वजन टनावर जाते. रिकामी असेल तर वारा ती सहज उचलतो. शिवाय वीज गेल्यावर विहिरीतले पाणी वर चढणार नाही. निसर्गनंतर रायगड आणि दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत काही आठवडे वीज नव्हती. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी माणशी रोज 4 लिटर धरा. पाच माणसांना आठवड्याचे 140 लिटर होते, ते झाकणाच्या भांड्यांत वेगळे भरा. त्याच दिवशी दळणही आणा, कारण चक्की विजेवरच चालते. सुट्टीआधी रिकामा केलेला फ्रीज मासळी-दुधाने पुन्हा भरू नका. फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा.

इन्व्हर्टरच्या बॅटरीतले पाणी तपासा, कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीवर दोन पंखे आणि चार दिवे जेमतेम सहा-सात तास चालतात. एक दिवा आणि मोबाइल चार्जिंग एवढेच ठेवा आणि मध्ये इन्व्हर्टर पूर्ण बंद करा, कारण नुसता चालू असला तरी तो बॅटरी खातो.

छपराचे काम वारा शांत असेपर्यंतच. वाऱ्याचा उचलणारा जोर वळचणीला आणि कोपऱ्यांना सर्वांत जास्त असतो, तिथले हुक आणि वायसर आधी पाहा. दोर पत्र्याला न बांधता खालच्या वाशाला किंवा खांबाला बांधावा. पत्र्यावर दगड ठेवण्याची पद्धत आमच्या मते घातकच आहे. पत्रा उचलला गेला की तेच दगड अंगणात आणि शेजारच्या घरावर पडतात. नारळाच्या वाळक्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवून घ्या. डिश अँटेना, कुंड्या, सायकली घरात आणा. वारा सुटल्यावर मात्र कुणीही शिडीला हात लावू नये.

प्रवासाची एक बॅग भरलेलीच ठेवा, फक्त आतले सामान बदला: पंधरा दिवसांची औषधे, कोरडे कपडे, टॉर्च आणि प्लास्टिकच्या पिशवीत आधार, रेशनकार्ड, सातबारा. निवाऱ्याला जायची वेळ आली तर हीच बॅग उचलायची. टॉवरचे डिझेल संपले की फोन बंद होतात, तेव्हा कुठे असणार हे मुंबई-पुण्याच्या नातलगांना आधीच कळवा. वादळ सुरू झाल्यावर मेन स्विच बंद ठेवा. वारा एकदम पडला तर बाहेर पडू नका. वादळाचा मध्य डोक्यावरून जात असेल, तर थोड्याच वेळात तोच जोर उलट दिशेने येतो.

आपल्याला एक विनंती. हंगामात इशाऱ्याचा रंग, तालुका आणि उरलेले तास पहिल्या पानावर ठळक छापावेत. वाटेत एसटी स्थानकावर अंक घेणाऱ्याला ‘वादळाचा धोका’ एवढ्या शब्दांवरून निघायचे की थांबायचे हे ठरवता येत नाही.

आणि वादळाआधी घर, गोठा, बागेतली झाडे यांचे तारखेसह फोटो मोबाइलवर काढून नातलगांकडे पाठवून ठेवा. तलाठी पंचनाम्याला येतात तेव्हा पडलेल्या पोफळी मोजता येतात, पण उडून गेलेला पत्रा दाखवायला जागेवर काही उरत नाही.

– रायगड जिल्ह्यातील काही वाचक