कार्बोरेटर बदलायच्या आधी खालची वाटी पहा, आणि पंपावर पाटी लावा

संपादक महोदय,
सादर नमस्कार.

माझी गाडी २००४ ची, शंभर सीसी, बाबांनी घेतलेली, मी अजूनही रोज मानेवाड्यावरून सीताबर्डीला तिच्यावरच जातो. यंदा पावसाळा लागला आणि तिचे नखरे सुरू झाले. चोक लावला की चालते, काढला की फट् फट् करून बंद, आणि रिझर्व्हला लावली की विषयच संपला, भर पावसात मेडिकल चौकातून दोनदा ढकलत नेली. एका मिस्त्रीनं पाहिलं न पाहिलं आणि म्हणे कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) गेला भाऊ, अठराशे लागतील. दुसरा म्हणे विकून टाक ना बे, काहून जुनं घेऊन बसला.

मग रविवारी अंगणात स्वतःच बसलो. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केला, कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू ढिला केला आणि वाटीतलं पेट्रोल पोराच्या खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत घेतलं. वर पेट्रोल, खाली एक वेगळाच पिवळट गढूळ थर, बाटली तिरपी केली की तो हळूहळू सरकून राहिला. टाकी रिकामी करून कॉक काढला तर जाळीला तांबूस चिखल. टोपणाजवळ पावसाचं पाणी निघून जायला बारीक भोक असते ते मातीनं बुजलेलं, म्हणजे अर्धी चूक माझीच, कबूल.

पण उरलेली अर्धी गोष्ट इथेनॉलची आहे, म्हणजे आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये मिसळून येते त्या अल्कोहोलची. साध्या पेट्रोलमध्ये चमचाभर पाणी गेलं तर ते चमचाभरच तळाशी बसते. इथेनॉल मात्र पाणी ओढून घेते, काही मर्यादेपर्यंत सगळं मुरून जाते आणि मर्यादा ओलांडली की पाणी इथेनॉललाही सोबत घेऊन खाली बसते, म्हणून थर मोठा होतो. रिझर्व्हचं पेट्रोल टाकीच्या एकदम बुडातून येते, मग गाडी काय चालणार? तोच थर लोखंडी टाकीला गंज चढवते आणि गंजाचा कचरा जाऊन बसतो स्लो जेटमध्ये, म्हणजे कमी रेसवर पेट्रोल देणाऱ्या कार्बोरेटरमधल्या पितळी नळीत, जिचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक आहे. चोकवर चालणे आणि चोक काढल्यावर बंद पडणे, याचा अर्थ बहुतेक वेळा हाच की स्लो जेट तुंबला. त्यात तार घालू नका हो, पितळ मऊ असते, भोक मोठं झालं की जेट वाया. कार्ब क्लीनर मारा आणि पंक्चरवाल्याकडून हवा मारून घ्या, बस. आणखी एक गंमत, वाटीची रबरी रिंग एकदा काढली की फुगलेली दिसते, खाचेत बसतच नाही. मी फेकणारच होतो पण रात्रभर उघडी ठेवली तर सकाळी आकसून बरोबर बसली. तरी नवीन आणली, शिवाय नवा पाईप आणि फिल्टर, सगळं मिळून तीनशेच्या आत. टाकी दोनदा धुतली, आता पहिल्या किकमध्ये सुरू होते. आठवडाभर उभी ठेवायची असली तर कॉक बंद करून वाटी रिकामी होईपर्यंत इंजिन चालू देतो, नाहीतर आपल्याकडच्या मे महिन्यात वाटीतलं पेट्रोल उडून नुसता डिंक उरतो.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही. आपले खासदार गडकरी साहेब कित्येक वर्षांपासून त्याचा आग्रह धरून आहेत, शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात, चांगलंच आहे. पण एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्याच नाहीत, आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच अशा दुचाकींचं मायलेज ३ ते ४ टक्के घटेल असं लिहिलं आहे. जुन्या गाड्यांसाठी बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळावं म्हणून याचिका झाली होती, ती सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली, म्हणून ते मागत नाही. मी घरी ५० एमएल पेट्रोलमध्ये १० एमएल पाणी टाकून हलवलं तर खालचा थर वीस एमएलच्या जवळपास गेला, म्हणजे पन्नासमधलं दहा एमएल इथेनॉल पाण्यासोबत खाली आलं, साधारण वीस टक्के. (हे करायचं तर उघड्यावर करा, गॅसजवळ अजिबात नाही.) आता हे कळायला माणसानं घरी बाटल्या हलवत बसायचं का? पंपावर भेसळ पाहायला फिल्टर पेपर मागता येतो, पेट्रोल पुरेपूर मिळते का ते पाहायला पाच लिटरचं माप मागता येते, मग नोझलवर ठळक मराठीत किती टक्के इथेनॉल आहे ते लिहायला काय हरकत आहे? आणि पावसाळ्यात पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी तपासलं की नाही, त्याची त्या दिवसाची तारीख गिऱ्हाईकाला दिसेल अशी फळ्यावर लावा. शहरातल्या पंपचालकांनी आणि संबंधित अधिकाऱ्यांनी पुढच्या पावसाळ्याआधी एवढं करावं ही विनंती.

आपला,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर