निरीक्षणे जपण्यासाठीही तरतूद हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बडोदा संस्थानाने १९१०च्या सुमारास शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला डभोई तालुक्यातील वढवाणा जलाशय २०२१ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेला, याचा आपल्या वडोदरा शहराला रास्त अभिमान आहे. अशा पाणथळींच्या काठी आणि जंगलांलगत निसर्गाचा अभ्यास करणारी जी छोटी क्षेत्रीय केंद्रे चालतात, त्यांना कॅमेरे, ध्वनिमुद्रक किंवा पाण्याची पातळी नोंदवणारी यंत्रे घेण्यासाठी अनुदान मिळते. परंतु त्या यंत्रांतून येणारी माहिती वाहून नेणारे संगणकांचे जाळे आणि ती सांभाळणारी साठवण यांसाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद केलेली माझ्या तरी फारशी पाहण्यात नाही. या उणिवेकडे संबंधितांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी सारी नोकरी संगणकांची जाळी उभारण्यात गेल्यामुळे निवृत्तीनंतर मध्य गुजरातमधील अशाच एका केंद्राला मदत करण्याचा योग आला. प्रयोगशाळेपासून मुक्कामाच्या खोल्यांपर्यंतची तांब्याची केबल तेथे झाडांच्या फांद्यांवरून ओढलेली होती, खारींनी कुरतडलेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळली होती आणि पावसाळ्यात जवळपास वीज पडली की नेटवर्कचा स्विच, म्हणजे संगणकांना एकमेकांशी जोडणारी पेटी, जळून जात असे. हार्ड डिस्क लोखंडी कपाटात बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवलेल्या होत्या आणि त्यांवरच्या बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या दमट हवेने पुसट झाल्या होत्या. त्यांतली एक डिस्क काही केल्या सुरू होईना. तिच्यावर दोन हिवाळ्यांतील रात्रीची ध्वनिमुद्रणे होती आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. तेथील मंडळी मुळीच निष्काळजी नव्हती. दुसरी डिस्क घ्यायला त्यांच्याकडे पैसेच नव्हते. यंत्र बिघडले तर नवे आणता येते, पण होऊन गेलेला हिवाळा पुन्हा मोजता येत नाही.

या माहितीचा आकार किती मोठा असतो, हे बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. सेकंदाला ४८,००० नमुने घेणारा साधा १६ बिटचा एक ध्वनिमुद्रक अखंड चालवला, तर दिवसाला सुमारे ८ जीबी आणि वर्षाला सुमारे ३ टीबी माहिती जमा होते. दोन एमबीपीएसच्या जोडणीवरून त्यातला एकच दिवस शहरात पाठवायचा म्हटले, तर नऊ तासांहून अधिक वेळ लागतो. २०१८ सालच्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि वन्यजीवांची ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे मिळाली. त्यांपैकी वाघांची होती ७६,६५१. उरलेल्या छायाचित्रांत सांबर, अस्वल, रानकुत्रे यांचा उद्याचा अभ्यास दडलेला असतो, मात्र तो कोणी हाती घेईपर्यंत ती जपली गेली तरच.

यावरचे उपाय अवघड नाहीत. इमारतींमधील अंतर शंभर मीटरहून जास्त असेल, तर तांब्याच्या केबलऐवजी ऑप्टिकल फायबर, म्हणजे प्रकाशाने माहिती नेणारी काचतंतूंची केबल टाकावी. ती धातूविरहित घेतली तर विजेचा झटका तिच्यातून उपकरणांपर्यंत पोहोचत नाही. केंद्रातच माहिती साठवणारा छोटा सर्व्हर असावा आणि वीज गेली तरी तो चालू राहावा म्हणून यूपीएसवर असावा. प्रत्येक माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी, हा जुना नियम काटेकोरपणे पाळावा. एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिणारी पेटी घेतली की काम झाले, असा समज मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो घातक आहे, कारण चुकून पुसलेली फाइल अशा पेटीत दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. इंटरनेटवरून रोज फक्त मोजणीचे तक्ते आणि लहान केलेली छायाचित्रे पाठवावीत. मूळ माहितीची डिस्क आठवड्याला जीपमधून शहरात न्यावी. यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही, आजही मोठ्या माहितीसाठी तो सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

याहून अवघड प्रश्न माणसाचा आहे. बॅटरी बदलताना कॅमेऱ्याचे घड्याळ मागे गेले आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही, तर पुढची हजारो छायाचित्रे तारखेवाचून अभ्यासाला निरुपयोगी ठरतात. कार्ड रिकामे करण्यापूर्वी प्रत नीट उतरली का हे तपासणे, फाइलींना ठरलेल्या पद्धतीने नावे देणे आणि जुन्या डिस्क निकामी होण्याआधी बदलणे ही कामे प्रकल्प संपला म्हणून थांबत नाहीत. त्यामुळे एकदाच मिळणाऱ्या खरेदीच्या रकमेवर ती चालू शकत नाहीत; दरवर्षी मिळणारा निधी आणि अर्धवेळ का होईना, पण जबाबदार तंत्रज्ञ हवा.

विद्यापीठे आणि संशोधन संस्था वेगवान जोडणीने एकमेकांशी जोडण्यासाठी नॅशनल नॉलेज नेटवर्कला केंद्र सरकारने २०१० साली मंजुरी दिली. या जाळ्याशी जोडलेल्या शहरातील संस्थांनी आपल्या सर्व्हरवर जवळच्या क्षेत्रीय केंद्रांची तिसरी प्रत ठेवण्याची जागा द्यावी आणि वन विभागाने यापुढे कोणतेही निरीक्षण-यंत्र मंजूर करताना त्याच आदेशात पाच वर्षांच्या साठवणुकीचा खर्चही धरावा, अशी माझी विनंती आहे. येत्या हिवाळ्यातील पक्षिगणनेच्या आधी निदान जुन्या डिस्कच्या प्रती काढण्याचे काम तरी सुरू व्हावे.

आपला नम्र,
एक निवृत्त तंत्रज्ञ,
दांडिया बाजार, वडोदरा